सहाशे तीस सेंटिमीटरचा कंस

धुळ्याच्या एका कॉलेजात मी गणित शिकवत होतो तेव्हा आमचे विभागप्रमुख ‘रेडियन’ हा शब्द असा उच्चारत, जणू तो त्यांनीच विलायतेहून बोटीतून आणला आहे. कोन मोजायला अंश हे बाजारातलं माप, रेडियन विद्वानांचं, असं ते दरवर्षी सांगत.

एका वर्षी त्यांनी परीक्षेत प्रश्न काढला: त्रिज्या सात सेंटिमीटर, कोन नव्वद अंश, कंसाची लांबी काढा. कोन आधी रेडियनमध्ये करायचा आणि मग त्रिज्येने गुणायचा. उत्तर अकरा. प्रमुखांनी सरळ सातला नव्वदने गुणलं होतं. त्यांच्या आदर्श उत्तरपत्रिकेत होतं सहाशे तीस.

तेवढ्यावरून दोंडाईच्याच्या एका कापडदुकानदाराची मुलगी नापास झाली. तिने अकरा लिहिलं होतं. नापास झालीस तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलेलं.

मी पेपर घेऊन प्रमुखांकडे गेलो.

“सर, अख्खं वर्तुळ चव्वेचाळीस सेंटिमीटरचं. त्याचा पाव भाग सहा मीटर कसा?”

“तुम्ही जळगावकर फार वाद घालता.”

“वाद नाही, गुणाकार आहे.”

शेजारचे ज्येष्ठ अध्यापक कळवळून म्हणाले, “अहो, जाऊ द्या ना! परवा सरांचा सत्कार आहे.”

विभागाची बैठक झाली. चहा झाला. ठरलं असं की उत्तर सहाशे तीसच. मात्र मुलीची वर्तणूक चांगली, म्हणून तिला सहानुभूतीचे गुण द्यावेत. त्रिकोणमिती शिकवता शिकवता ज्यांचे केस पिकले, त्यांनीही मान डोलावली. मी हरकत नोंदवायला सांगितली. इतिवृत्तात ‘खेळीमेळीची चर्चा झाली’ असं आलं.

सत्काराच्या दिवशी वडील मुलीला घेऊन आले. हातात पेढे.

“सर, तुमनी किरपा. पोरनं वरीस वाचनं,” ते प्रमुखांना म्हणाले आणि मुलीकडे वळले, “पाय पड.”

ती वाकली. हार घातलेल्या प्रमुखांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “चुका होतातच. आता सांग, उत्तर किती?”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. वडील हात जोडून उभे होते.

“सहाशे तीस, सर.”

“शाब्बास!” प्रमुख म्हणाले आणि त्यांनी पेढा तोंडात टाकला.