खिशातला जवळा

मुलुंडच्या आमच्या गल्लीत माझा कुत्रा शिस्तीचा नमुना म्हणून ओळखला जाई, आणि त्या शिस्तीचे श्रेय मी निःसंकोच घेत असे. खरी गोष्ट अशी होती की माझ्या कोटाच्या डाव्या खिशात मूठभर सुका जवळा असे. मासळी वर्ज्य असलेल्या ब्राह्मणाच्या घरात हे सांगण्याजोगे नव्हते, म्हणून सांगितले नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. ते कारण पुरेसे नव्हते. मला लोकांचे कौतुक सोडवत नव्हते, आणि त्या कौतुकाची किंमत माझी पत्नी देत होती.

कुत्रा आणला होता तो तिच्याचसाठी. तिला मधुमेह जडला होता आणि रोज सकाळी नाहूरच्या बाजूच्या शेतांपर्यंत चालून यावे, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण घरंदाज बाईने नुसते चालायचे म्हणून चालावे, ही गोष्ट आमच्या वस्तीत कोणाच्या समजुतीत बसत नव्हती. भेटेल तो विचारी, "काय वहिनी, कुठे निघालात?" आणि त्याला देवळाचे, बाजाराचे किंवा कोणाच्या आजारपणाचे उत्तर द्यावे लागे. रोज नवे उत्तर कोठून आणणार? थोड्याच दिवसांत ती घरी बसली. तेव्हा मला सुचले की हातात साखळी आणि साखळीला कुत्रा असला, की विचारण्यासारखे काही उरत नाही. कचेरीतल्या एका पारशी सहकाऱ्याकडे पिल्ले झाली होती, अर्धी अल्सेशियन आणि अर्धी गावठी. त्यांतले एक मी घेऊन आलो. ते वाढले ते वासरासारखे.

त्याला साखळीने चालायला मी शिकवणार, हे मी आधीच सर्वांना सांगून ठेवले होते. माझ्या हाताखाली वीस कारकून होते. एका कुत्र्याचे ते काय? पण तो ओढू लागला की मीही ओढी, मी ओढले की तो दुप्पट ओढी, आणि असे झगडत आम्ही बाजारापर्यंत जाऊन पोहोचत असू. तिथे एके दिवशी त्याने मला सरळ एका कोळणीच्या टोपलीशी नेऊन उभे केले.

"काय ओ भटजी," ती खदखदून हसली, "तुमी कुत्र्याला फिरवताव का कुत्रा तुमाला?"

तिने चिमूटभर जवळा त्याच्यापुढे टाकला. त्याने तो चाटून पुसून खाल्ला आणि मान वर करून आज्ञाधारकपणे उभा राहिला. मी इकडे तिकडे पाहिले, ओळखीचे कोणी नाही याची खात्री केली आणि पुडी बांधून घेतली.

त्या दिवसापासून कुत्रा माझ्या डाव्या मांडीला नाक लावून चालू लागला. मी थांबलो की थांबे, वळलो की वळे. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर ओटीवरून ओरडत, "वा साहेब! पूर्वी मिलिटरीत होतात काय हो?" मी नुसता हसे. कोट मागच्या अवजारांच्या खोलीत ठेवी. कुत्र्याच्या केसांनी भरलेला कोट घरात नको, असे मी सांगितले, तेव्हा माझ्या सोवळेपणाचेही घरात कौतुक झाले.

पत्नीच्या हाती साखळी गेली की मात्र तोच कुत्रा बैलासारखा ओढी. मी मागून सूचना देत असे. "अगं, हात ठाम ठेव. जरब हवी हातात."

"ठेवलाय हो ठाम. आणखी किती ठेवू?" ती धापा टाकत म्हणे. एकदा ओसरीवर बसून तिने मला सरळ विचारले, "अहो, तुमच्याजवळच तो असा गुणी का चालतो? काय करता तुम्ही? मला नीट सांगा ना."

त्या वेळी खरे सांगता आले असते. ती हसली असती आणि गोष्ट मिटली असती. मी म्हणालो, "करायचं काय त्यात? जनावराला माणूस कळतो."

पुढच्याच आठवड्यात दूधकेंद्राच्या कोपऱ्यावर कुत्र्याने झेप घेतली आणि ती खडीवर पालथी पडली. कोपर सोलले, लुगडे फाटले, रांगेतली माणसे हसली. घरी येऊन तिने साखळी खुंटीला अडकवली. "माझ्यानं नाही व्हायचं. जनावरसुद्धा मला जुमानत नाही," एवढेच ती म्हणाली आणि तिने चालणे सोडले.

पावसाळा सरेपर्यंत तिच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि ते रागावले. "चालणं का थांबलं?"

"कुत्रा ऐकत नाही माझं," ती खाली बघत म्हणाली.

"साहेबांचं ऐकतो ना? मग शिका त्यांच्याकडून!"

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तिथेही मी गप्प राहिलो. आयुष्यात अनेक चुका केल्या, पण त्या खुर्चीवर बसून बाळगलेले मौन मला आजही सर्वांत जड वाटते.

दुसऱ्या दिवशी मी कोटाशिवाय बाहेर पडलो. फाटकाबाहेर पाऊल टाकताच कुत्र्याने माझी ओळखही न दाखवता ओढ घेतली. तेव्हा मी एकच नियम धरला: साखळी ताणली गेली की जागच्या जागी उभे राहायचे, आणि ती सैल पडल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही. हिसका नाही, ओरडणे नाही, आमिष नाही. पहिल्या सकाळी आम्ही कोपऱ्यापर्यंतही पोहोचलो नाही. पोस्टमास्तर म्हणाले, "काय साहेब, मिलिटरी बिघडली वाटतं!" मी उभाच राहिलो. आज मी खात्रीने सांगू शकतो की कुत्र्याला हाताचा जोर कळत नाही. त्याला पुढे जायचे असते, आणि सैल साखळीनेच पुढे जाता येते, एवढे त्याला कळले की पुरते. चालवणारा हात कोणाचा आहे, याने काही फरक पडत नाही. थंडी सुरू झाली तेव्हा तो खरोखर चालू लागला होता.

एका सकाळी फाटकाशी मी साखळी पत्नीपुढे धरली. तिने हात मागे घेतला.

"नको. तुमच्या हाताचं माझ्या हाताला यायचं नाही."

कुत्रा तयार होता, रस्ता मोकळा होता, आणि तरीही ती येत नव्हती, कारण माझ्या खोट्यावर तिचा विश्वास होता. तो मी काढून घेतल्याखेरीज ती फाटकाबाहेर पडणार नव्हती.

"खिशात जवळा होता," मी म्हणालो.

"काय होतं?"

"जवळा. सुका. कोळणीकडून आणायचो. तो माझ्यामागे नाही, खिशामागे चालायचा."

"आपल्या घरात जवळा?" ती म्हणाली. मग आवाज खाली गेला. "आणि मी इतके दिवस विचार करत बसले, की माझ्यातच काय कमी आहे म्हणून."

पोस्टमास्तर ओटीवर होते. माझ्या पिढीतल्या पुरुषाला क्षमेचे शब्द बायकोपाशी उच्चारण्याची सवय नव्हती, चारचौघांत तर नाहीच. मी आवाज लहान केला नाही.

"तुझ्यात काही कमी नव्हतं. मी खोटं बोललो, तू पडलीस तरी खरं सांगितलं नाही, आणि डॉक्टरांसमोरही तुलाच दोष घेऊ दिला. माझं चुकलं. मला क्षमा कर."