तलवारीचा भाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि सांगण्यासारखं आहे तरी काय — कंप्युटरवरच्या एका खेळातल्या तलवारीचा भाव! ऐकून हसाल. हसा.

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत माझ्या मामांचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. नव्वदीच्या अखेरीस जो तो कंप्युटरच्या मागे लागला, तसा मामांनीही एक आणला. चपला बाहेर काढून त्याच्यापाशी जायचं. मामांची मुलगी सुमतीअक्का माझ्याहून थोडी मोठी — ते यंत्र जणू तिच्यासाठीच आलं होतं. एका परदेशी खेळाच्या फायली उघडून आम्ही दोघं त्यातून आमचा खेळ करत होतो: कावेरीकाठची गावं, भातखाचरांत लपलेले दरोडेखोर, आणि एक लोहार. लढाईत मिळालेली नाणी दिली की तो तलवारीला धार चढवतो. चित्रं माझी. धारेचे भाव अक्काचे.

भाव ठरवणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कुठे कळत होतं? ती एक आकडा बदलायची, सगळा खेळ पहिल्यापासून खेळायची, पुन्हा बदलायची. महिनेच्या महिने. स्वस्त कर, सारखा मरतोय मी, अशी माझी कुरकूर.

"अस्कं स्वस्त केलं तर खेळात राहिलं काय रे?" ती म्हणायची; अस्कं म्हणजे सगळं. "घेऊ का नक्को, असा जीव वरखाली झाला पाहिजे."

तिचं बरोबर होतं. तेच मला खुपत होतं.

आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी, आली. त्या दिवशी पुस्तकं, अवजारं, यंत्रं सगळी देवीची. दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. टाइपरायटरांना झेंडूचे हार, कंप्युटरला चंदन-कुंकू. आणि दुसऱ्याच दिवशी माझे कॉलेजचे मित्र खेळ बघायला येणार होते. मी — खेळाचा अर्धा धनी — खेळातल्या दुसऱ्या गावापुढे कधी गेलोच नव्हतो. नाक कापलं गेलं असतं.

दुपारी जेवणं होऊन सगळे आडवे झाले. मी खिळ्यावरची किल्ली घेतली, इन्स्टिट्यूटचं कुलूप काढलं, अक्काची फ्लॉपी यंत्रात सरकवली. धारेचा भाव निम्मा करायचा, एवढंच. पण खाचेवर मामांनी चंदन लावलं होतं — जाड, ओलं. ते फ्लॉपीबरोबर आत गेलं. घरघर झाली, आणि मग काहीच नाही. अक्काचे सगळे भाव त्या फ्लॉपीत होते. दुसरी प्रत नव्हती. मी घाबरून बाहेर पळालो. किल्ली खिळ्यावर अडकवली, कुलूप लावायचं भान राहिलं नाही.

सकाळी मामांना कुलूप उघडं दिसलं, आणि खाचेवरचं चंदन फिसकटलेलं. "पूजेतल्या मशीनला कोण हात लावलं?" विचारलं सगळ्यांना, पाहत होते अक्काकडे. तिच्याशिवाय तिथं बसायचं कोण?

मी म्हणालो, "काल शेवटी अक्काच बाहेर आली."

हे खरं होतं. पूजेनंतर आवरून शेवटी तीच बाहेर आली होती. खरं बोलून खोटं सांगता येतं — मला ते किती सहज जमलं! अक्काला वाटलं असेल, मी तिची बाजू घेईन?

मामांनी तिला कंप्युटर बंद केला. अपशकुन, म्हणाले. वर्षभरात लग्न होऊन ती पापनाशमला गेली. आमचा खेळ तिथेच संपला. मी मात्र कंप्युटर शिकलो, पुण्यात नोकरीला लागलो.

परवा नात्यातल्या लग्नात पंगतीला ती माझ्या शेजारी होती. आपल्या मुलीला ती जुनी गोष्ट हसत सांगत होती — कुलूप लावायला मीच विसरले असणार, कुणीतरी आत शिरलं, माझाच वेंधळेपणा. इतकी वर्षं ती स्वतःला बोल लावत आली आहे. मी पाणी प्यालो, आणि रसमभात वाढून घेतला.

कुलूप तिनं लावलं होतं.

हे मी तमिळमध्ये लिहू शकलो असतो. देवनागरी मी पुण्याला आल्यावर शिकलो. आमच्याकडे घरोघर मराठी बोलतात, पण शाळा तमिळमधली; मराठी वाचता फारसं कुणाला येत नाही. अक्काला यातलं एक अक्षर लागणार नाही. लिहायला बसलो तेव्हाच मला ते ठाऊक होतं.