पिल्लाकडचे इवाई

माझ्या पोरीच्या लग्नाला अजून दहा वर्षं तरी अवकाश आहे, पण व्याही मात्र मला चार वर्षांपूर्वीच मिळाले. आणि असे मिळाले की सगळा चंद्रपूर जिल्हा पालथा घातला, वर गडचिरोली जोडून घेतला, तरी तसा दुसरा सापडायचा नाही. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. हे इवाई मूलच्या पुढं एका तलावाकाठच्या गावात राहतात, तलावात मासे धरतात, एकरभर धान लावतात, आणि त्यांच्या घरची एक कुत्री आमच्या घरी नांदते. आमचं नातं एवढंच. पण पिल्लू दिलं म्हणजे पोरगी दिली, असं त्यांचं पक्कं मत. ज्या घरात त्यांचं पिल्लू गेलं त्या घरचा कर्ता पुरुष त्यांचा इवाई, मग तो शिपाई असो की साहेब. मी बल्लारपुरात हार्डवेअरचं दुकान चालवतो. भर गर्दीत, गिऱ्हाइकांच्या देखत हे दारातूनच ओरडतात, "काय जी इवाई, आमची पोरगी जेवली का?" आणि नवं गिऱ्हाईक माझ्याकडे असं पाहतं, जणू मी सुनेला उपाशी कोंडून दुकानात खिळे विकत बसलोय. अशा या माणसाच्या अंगणात आज एकही कुत्रं नाही. आणि माझ्या घरात त्यांच्याच वंशाची चार पिल्लं झाली होती. त्यातलं एक त्यांच्या अंगणात नेऊन सोडायचं, या एका गोष्टीसाठी मी आणि माझी पोरगी सानू, आम्ही दोन महिने जीव टाकला.

हे नातं जुळलं कसं, ते सांगायचं तर आधी माझीच लाज काढावी लागते. मी भाव केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीही न घेणारा माणूस. सानू सातवीत असताना तिनं कुत्र्याचा हट्ट धरला, आणि मला कोणीतरी मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. लॅब्राडोरचं अस्सल पिल्लू, बाजारभावाच्या निम्म्यात. चंद्रपूरला रस्त्याकडेला गाडी लावून एक पोरगेलासा इसम उभा होता. त्यानं डिकी उघडली, आत खोक्यात पाच पिल्लं. मी विचारलं, आई कुठंय? त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. चांगली सोनेरी, गुबगुबीत आई. मी खूश झालो आणि त्या निम्म्यातूनही आणखी थोडे कमी करून घेतले. परतताना गाडीत मी काय शीळ घालत होतो, विचारू नका. घरी आल्यावर डॉक्टर म्हणाले, दीड महिन्याचं कसलं, हे तर महिन्याचंही नाही. याला अजून दूध हवंय. तिसऱ्या दिवशी त्याला ओकाऱ्या आणि रक्ताची हगवण लागली, चौथ्या दिवशी ते सानूच्या ओढणीत मेलं. त्या इसमाला फोन लावला तर तो बंद. पोरगी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मला तिच्यावर चिडायचीही सोय उरली नव्हती.

मग एका गिऱ्हाइकानं या इवायांचं नाव सांगितलं. मी गेलो, तर ते तलावाच्या पाळीवर जाळं विणत बसलेले. सगळी हकीकत ऐकून घेतली आणि एकच विचारलं, "त्याच्या मायेले पाह्यलं होतं का?"

"फोटो पाहिला होता."

"फोटोतली माय दूध पाजते का जी?"

ते पुढं म्हणाले, "मायेले न पाहता लेकरू आनलं. बाप्पा बाप्पा! अन् पह्यलं ज्या बिमारीनं मेलं, ते बिमारी तुमच्या घरातच बसून हाये. साऱ्या घरात दवाई टाकून धुवा. सहा महिने दम धरा. मंग या." मी म्हटलं, सहा महिने? त्यावर, "काऊन, पोरगी पाहाले निघाले का भाजी आनाले?" इतकं बोलून त्यांनी मान खाली घातली आणि जाळ्याची गाठ मारली. मला राग असा आला की परतीच्या वाटेवर मी मोटरसायकलला लाथ मारून चालू केली, किक नव्हे, लाथ. पण डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि दोन माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा तिसऱ्यानं गप्प बसावं.

त्या सहा महिन्यांत इवायांनी माझी जी परीक्षा घेतली, तशी माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या सासऱ्यानंही घेतली नव्हती. एक दिवस मे महिन्याच्या भर दुपारी न सांगता न सवरता दारात हजर. "घर पाहाले आलो." पाणी प्यायले नाहीत. कुत्रं ठेवणार कुठं, म्हणाले. मी ऐटीत गच्ची दाखवली. ऐसपैस, मोकळी, वारा छान. इवायांनी चपला काढल्या आणि त्या तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊन उभे राहिले. तोंडावरची रेघ हलली नाही. मग मला म्हणाले, "तुमी या न जी." मी गेलो आणि दुसऱ्या क्षणाला असा नाचायला लागलो की शेजारीण कपडे वाळत घालायचं सोडून पाहत राहिली. "मंग त्याले चार पाय हायेत," एवढंच बोलून ते खाली उतरले. गच्ची नापास. जिन्याखालची सावलीची जागा पास. घरात दिवसभर कोण असतं, हे त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, मला नाही. माझ्यावर त्यांचा भरवसा बसला नव्हता आणि तो पुढंही फारसा बसला नाही.

त्यांच्याकडे असायची लक्षी नावाच्या एकाच कुत्रीची पिल्लं. गावठीच, पण काळीभोर, उभ्या कानांची, रानडुकराच्या अंगावर जाणारी. तिला ते दरवर्षी पिल्लंही होऊ देत नसत. "बाई मानूस हाये, कारखाना हाये का?" म्हणायचे. पिल्लू हवं असेल त्यानं आधी लक्षीसमोर बसायचं, तिला हातानं घास भरवायचा. तिनं खाल्लं तर बोलणी पुढं, गुरगुरली तर चहा घ्या आणि निघा. एकदा चंद्रपूरहून एक कंत्राटदार मोठी गाडी घेऊन आले, खाली न उतरता काच उतरवली आणि म्हणाले, फार्महाऊसवर बांधायला दोन द्या. इवायांनी विचारलं, "साखळी किती हाताची राहीन?" ते म्हणाले, असेल पाच-सहा हात. इवाई हात जोडून म्हणाले, "आमच्याकडं लग्नाजोगी पोरगी नाई जी सध्या." मागं सहा पिल्लं एकमेकांचे कान ओढत होती.

दोन महिने पुरे व्हायच्या आत पिल्लू आईपासून सुटत नसे. आणि देण्याआधी ती सगळी मंडळी मासळीच्या टोपलीत बसून, सायकलच्या कॅरियरवरून तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात सुई टोचून यायची. वाटेत बाया टोपली पाहून थांबवायच्या, काय आणलं भाऊ आज, आणि कपडा उचलला की मासळी भुंकायची. प्रत्येकाचं सुईचं कार्ड इवाई प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देत; पोरीबरोबर आंदण द्यावं तसं. आणि वर बजावत, "जमलं नाई तं रस्त्यावर सोडाचं नाई. माहेर हाये तिचं." हे नुसतं बोलणं नव्हतं. त्यांचं पिल्लू नेलेले एक मास्तर बदलून भामरागडला गेले आणि त्यांचा निरोप आला की कुत्रं खात नाही. ऐन पावसाळा. हे निघाले. पर्लकोटा नदीला पूर, रस्ता बंद. अलीकडच्या काठावर कोणाच्या तरी पडवीत चार दिवस बसून राहिले. पाणी उतरलं तेव्हा पोचले, तर कुत्रं मास्तरांच्या बायकोच्या हातची भाकर खाऊन असं फुगलेलं की यांना पाहून शेपूट हलवायलाही त्याला कष्ट पडले. इवाई दोन दिवस राहून, जेवून, विहीणबाईचं कौतुक करून परत आले. मी म्हटलं, फोन करायचा होता ना! तर म्हणाले, "फोनवर पोट दिसते का?"

तर अशा घरची झुमकी आमच्या घरी आली. सानूनं त्या सहा महिन्यांत दर पंधरवड्याला जाऊन लक्षीला घास भरवला होता, त्यामुळे झुमकी जन्मायच्या आधीपासूनच आमची होती. हसू नका, पण ती आली त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. दिवाळीनंतर इवाई दरवर्षी तिला भेटायला यायचे, सुक्या झिंग्यांची पुडी घेऊन, आणि झुमकी त्यांच्या धोतरात तोंड खुपसून रडल्यासारखा आवाज काढायची. मला त्या आवाजाचा हेवा वाटायचा.

गेल्या उन्हाळ्यात, दिवेलागणीला, अंगणातून बिबट्यानं लक्षीला नेलं. इवाई काठी घेऊन धावले, पण धावून काय होतं. तिची सगळी पिल्लं त्यांनी लोकांना देऊन टाकलेली, स्वतःला एकही ठेवलं नव्हतं. बायको कधीच गेलेली, मुलगा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात. मी भेटायला गेलो तेव्हा फाटकाची कडी वाजली तरी आतून काहीच आलं नाही. ना भुंकणं, ना पायांचा आवाज. त्या अंगणात उभं राहवेना मला. तिथून येतानाच मी ठरवलं की झुमकीला एकदा पिल्लं होऊ द्यायची, आणि एक इथं आणायचं.

झाली. चार झाली. तीन घरं आम्ही पारखून पाहिली. हो, मी स्वतः लोकांच्या गच्चीवर अनवाणी उभा राहिलो! चौथी मात्र सानू कोणाला दाखवायलाच तयार नव्हती. काळीभोर, उभ्या कानांची. दोन महिने पुरे झाले, सुया झाल्या, आणि आम्ही इवायांना नातवंडं पाहायला बोलावलं. ते आले. प्रत्येक पिल्लू उचलून तोंडाचा वास घेतला, पोट चाचपलं, कार्डं पाहिली. खूश दिसले. मग सानूनं ती चौथी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आजोबा, ही तुमची."

इवाई तिच्या कानामागं बोट फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "माहं घर पाह्यलं का तुमी इवाई?"

"त्यात काय पाहायचं?"

"पाहा न. अंगनात वाघरू येते. घरात म्हातारा एकटा. बहात्तर वर्साचा. हे जगते बारा-चवदा वर्सं. मी जगतो का तेवढा? मंग इले कोन पाहीन?"

"आम्ही आहोत की! आम्ही घेऊन येऊ."

"आनसान. पन तवा ते माह्या खाटीखाली बसून राहीन, अन् तुमी ओढून नेसान. तिले काय सांगसान?" मग हसले. "तुमीच सांगा, मी तुमच्या जागी असतो तं असल्या घरी पोरगी देल्ली असती का?"

मी चिडलो. अहो, ओरडलोच त्यांच्यावर. म्हटलं, नियम, नियम! साऱ्या जगाला लावलेत ते लावलेत, आता स्वतःला लावून घेता? एक कुत्रं घरात असलं तर काय आभाळ कोसळतं? बायकोनं माझा हात धरला. सानू रडायला लागली. इवाई मात्र शांत. आणि खरं सांगू, मला राग त्यांचा नव्हताच. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं होतं, आणि ते मलाही ठाऊक होतं. त्या घराला मीसुद्धा पिल्लू दिलं नसतं.

बस स्टँडवर पोचवायला आम्ही तिघं गेलो, मी, सानू आणि ती काळी. बाकावर बसल्यावर इवाई हळूच म्हणाले, "गाडी येतवरी माह्यापाशी राहू द्या न इले." सानूनं दिली. ती त्यांच्या मांडीवर दोनदा गोल फिरली आणि हनुवटी त्यांच्या मनगटावर टेकवून झोपून गेली. ते हलले नाहीत. माशी नाकावर बसली तरी हात उचलला नाही. मी एसटीच्या नावानं आयुष्यभर शिव्या घालत आलेला माणूस. त्या दिवशी मनातल्या मनात तिच्याच पाया पडत होतो, की बाई, आज तासभर उशिरा ये, टायर फुटू दे तुझं, वाटेत बंद पड.

मेली अगदी वेळेवर आली.