झडत्या म्हणणारे किसनराव

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक डाळ मिल आहे. तिच्या फाटकाला लागून वजनकाटा आणि काट्याशेजारी एक लहानशी खोली. त्या खोलीत किसनरावांचं अर्धं आयुष्य गेलं. तुरीची गाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं, पावती फाडायची आणि गाडीवाल्याला एखादी जुळवलेली ओळ ऐकवायची. यातलं तिसरं काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण ते झाल्याशिवाय गाडी हलत नसे. मारेगावकडून येणारा एक ड्रायव्हर तर मुद्दाम इंजिन बंद करायचा.

"काका, माल तोलला, आता मले तोला."

किसनराव डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहत, मिशीवरून बोट फिरवत, आणि त्याच्या सुटलेल्या पोटावर नाहीतर बायकोच्या धाकावर दोन ओळी सोडत. ड्रायव्हर स्वतःच्याच फजितीवर खूश होऊन निघून जायचा.

ही कला त्यांना पोळ्यानं दिली. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की आपल्याकडे झडत्या म्हणतात. एकानं चार ओळी रचून ओरडायच्या, शेवटी 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला' म्हणायचं, आणि साऱ्या गावानं 'हर हर महादेव' म्हणून दाद द्यायची. त्या ओळींत पाटील असो की सरपंच, कुणाचीही टर उडवावी. त्या दिवशी राग धरायचा नाही. किसनरावांच्या गावात तर उलटीच तऱ्हा होती. ज्याचं नाव झडतीत आलं नाही तो रुसायचा. एका वर्षी पोळा फुटून बैल घरोघर परतल्यावर शेजारची रुखमाबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्या दारात आली होती.

"काहून किसन, माह्यं नाव नाही घेतलं यंदा? मी मेली का?"

"तुह्यं काय घेऊ माय? सारं घेऊन झालं."

ते खरंच होतं. रुखमाबाईचा नवरा दर दोन-चार महिन्यांनी घर सोडून आपल्या बहिणीकडे पळून जाई, आणि किसनरावांनी ते एका पोळ्यात चार ओळींत बांधलं होतं. गाव हसून लोटपोट झालं. रुखमाबाई तर पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती झडती किसनरावांच्या मनात पदकासारखी जपलेली होती. ज्याचं दुखतं त्यालाच हसवलं, अशी त्यांची समजूत होती.

मिलमध्ये उज्ज्वला नावाची मुलगी हिशेबाच्या कामाला लागली तेव्हा किसनरावांना ती आपल्या घरातलीच वाटली. ती पुसदकडच्या एका बंजारा तांड्यावरची. बाप देवसिंग स्वतःची शेती करणारा, शिकलेल्या लेकीचा अभिमान लपवता न येणारा माणूस. लग्नानंतर वर्षभरात नवरा पुण्याला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. हे मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तिच्यासमोर काढत नसे. ती यवतमाळात खोली घेऊन राही. सकाळी फाटकातून आत शिरताना "काका, च्या झाला का?" असं विचारल्याशिवाय पुढे जात नसे. घरून डबा आला की बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा काट्याच्या खोलीत हमखास पोचायचा. किसनरावांना लेक नव्हती. भागीरथा, त्यांची बायको, कधी कधी चिडवायची, "आज तुमच्या पोरीनं काय देल्लं?"

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिलनं कामगारांच्या मुलांसाठी तान्हा पोळा ठेवला. पोरांनी लाकडाचे बैल सजवून आणले. आवारात मंडप, सतरंज्या, एका बाजूला भजी आणि जिलबीची ताटं. उज्ज्वला नवी साडी नेसून आली होती. मोरपंखी रंगाची, बारीक काठाची. काट्याच्या खोलीशी थांबून तिनं स्वतःच सांगितलं, "माह्या पगारातून घेतली काका. दोन वर्षांत पहिलीच."

"झकास दिसते," किसनराव म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटलं.

बक्षिसं वाटून झाल्यावर मॅनेजर प्रफुल्लसाहेबांनी माईक हातात घेतला. "आता काकांची झडती झाल्याबिगर भजे मिळनार नाहीत." टाळ्या पडल्या. किसनरावांनी पहिली झडती साहेबांच्या टकलावर म्हटली. साहेब स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसले. दुसरी मालकांच्या जुन्या गाडीवर. मग कुणीतरी मागून ओरडलं, "हापिसवाले राह्यले, काका!" किसनरावांची नजर मोरपंखी साडीवर गेली. आपल्या माणसाला वगळायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. ओळी तर जिभेवर आपोआपच येत.

"काट्यावर चढली तुरीची गाडी,
हिशेबाच्या बाईनं नेसली नवी साडी,
नवरा पळाला पुण्याले, कुलूप लागलं घरा,
नवी साडी कोनासाठी, सांगा बरं जरा!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

'हर हर महादेव' इतक्या जोरात आलं की लहान पोरं दचकली. उज्ज्वलाही हसली. किसनरावांनी ते पाहिलं आणि त्यांचा जीव निवांत झाला. तिनं पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला, हातातली जिलबी तशीच ताटात ठेवली, आणि थोड्या वेळानं ती तिथं नव्हती. हे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

कुणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते मिलभर फिरलं आणि रात्रीतून तांड्यावर पोचलं. देवसिंगला त्याच्या भाच्यानं दाखवलं. दुसऱ्या दिवशी उज्ज्वला आली तेव्हा हमालांतला एक जण, तिच्याकडे न पाहता, गोणी उचलता उचलता गुणगुणला, "नवी साडी कोनासाठी..." बाजारात भाजीवाल्यासमोर तेच. ज्या घरात ती भाड्यानं राहायची तिथल्या पोरानंही तेच. चार ओळींतली ती एक ओळ सुटून गावभर हिंडू लागली. मग उज्ज्वला कामावर यायची थांबली आणि तिची तक्रार आली.

किसनरावांना आधी ते खरंच वाटेना. "पोळ्यात कोनी वाईट मानते का साहेब?"

प्रफुल्लसाहेब खुर्चीत अवघडले होते. माईक त्यांनीच दिला होता आणि टकलावर हसलेही तेच होते. "काका, जमाना बदलला. मिलच्या कार्यक्रमात बाईमानसाले असं बोललं तं समिती बसवा लागते. कामावरून कमी कराले लावतील."

"मले? झडतीसाठी?"

त्या रात्री भागीरथा भाकरीचं टोपलं झाकता झाकता म्हणाली, "पोरीले बरं नसन वाटलं."

"हसली ना ते! माह्या डोयानं पाह्यलं मी."

समितीत पॅकिंग विभागातल्या विमलताई प्रमुख होत्या. वयानं मोठ्या, किसनरावांना भाऊ म्हणणाऱ्या. एका टेबलाशी त्या, प्रफुल्लसाहेब आणि बाहेरून आलेल्या एक वकीलबाई बसल्या. समोर किसनराव, टोपी मांडीवर ठेवून. भिंतीशी उज्ज्वला, जुन्या फिक्या साडीत, आणि तिच्याशेजारी देवसिंग, ज्यानं सबंध वेळ मान वर केली नाही.

"उज्ज्वला, तुले काय पाहिजे, ते सांग," विमलताई म्हणाल्या.

"काकाची नोकरी घ्या असं नाही म्हनत मी." तिचा आवाज शांत होता. "त्यायनं साऱ्यांसमोर एवढंच म्हणावं, का ते गंमत नव्हती. बस. मंग मी कामावर येतो."

प्रफुल्लसाहेबांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "झालं तं मंग! काका, म्हना दोन शब्द."

किसनराव उभे राहिले. त्यांनी हात जोडले. "माय, तुले लागलं असन तं मी पाया पडतो तुह्या. माह्या मनात पाप नव्हतं."

"पाया नका पडू काका. गंमत नव्हती, एवढं म्हना."

आणि इथं त्यांची जीभ अडली. जिच्यावर शब्द वाट पाहत उभे असत ती जीभ. गंमत नव्हती म्हणावं तर मग पाटलावरच्या, सरपंचावरच्या, रुखमाबाईवरच्या त्या साऱ्या ओळी काय होत्या? आयुष्यभर त्यांनी एवढं एकच केलं होतं की ज्याची चार माणसांनी आठवण ठेवावी. ते त्या खोलीत, टोपी हातात धरून, आपल्याच तोंडानं पुसून टाकायचं होतं.

"गंमतच होती वं माय," ते हळूच म्हणाले. "मी खोटं कसं बोलू?"

उज्ज्वलानं मान फिरवली. देवसिंग पहिल्यांदाच बोलला, तोही तिच्याशी, गोरबोलीत, तांड्यावरच्या भाषेत, आणि दोघं उठून बाहेर गेले. विमलताईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "भाऊ, तुमची नोकरी जावी असं मले नाही वाटत," त्या म्हणाल्या. "पन मंग त्या पोरीनं कुठं बसावं? रोज तुमच्याच समोरून आत जाचं आहे तिले."

महिनाअखेर किसनरावांना कामावरून कमी केलं.

उज्ज्वला परत आली, पण तिचं काम सोपं झालं नाही. जे त्या दिवशी हसले होते तेच आता म्हणत, "म्हाताऱ्याच्या पोटावर पाय देल्ला." त्यांची नोकरी जावी असं तिनं मागितलं नव्हतं, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. ड्रायव्हर काट्यावर गाडी लावून नव्या माणसाकडे पाहत आणि काही न बोलता पावती घेऊन जात.

किसनराव गावात घरी बसले. एका दुपारी रुखमाबाई गवार मोडायला भागीरथेजवळ येऊन बसली होती. बोलता बोलता तोच विषय निघाला. किसनराव खाटेवरून म्हणाले, "तूच सांग माय. तुह्यावर म्हन्ली तं तू किती हासली होती!"

रुखमाबाईचे हात थांबले नाहीत. शेंगा मोडत मोडत, अगदी सहज, ती म्हणाली, "हासू नाही तं काय करू बापा? सारं गाव पाहून राह्यलं होतं. हासली नसती तं तिथंच रडली असती. घरी जाऊन मोरीत तोंडावर पानी मारत बसली होती मी."

"मंग दारात येऊन भांडली कायले? नाव नाही घेतलं म्हनून?"

"नाव नाही घेतलं तं वाटलं, आता आपन हासाच्याही लायक नाही राह्यलो." तिनं एक जून शेंग बाजूला टाकली. "जाऊ दे. जुनं झालं ते."

किसनराव उठून मागच्या अंगणात गेले ते दिवे लागेपर्यंत आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते मिलच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. आत कुणी बोलावलं तरी गेले नाहीत. पाच वाजता उज्ज्वला बाहेर आली. त्यांना पाहून थबकली.

"माय, ते गंमत नव्हती," किसनराव म्हणाले. भोवती सुटलेले कामगार होते, हमाल होते, त्यांनी आवाज लहान केला नाही. "मले उशिरा समजलं."

"तिथं म्हनाचं होतं काका," ती म्हणाली. "तुमी आजही काट्यावर असते." मग जरा थांबून, "माफ केलं म्हनू का? म्हनता येते. पन ते साडी अजून पेटीतच आहे. नेसाले घेतो आन् ते ओळ आठवते."

तिनं पिशवीतून काहीतरी काढल्यासारखं केलं, परत आत ठेवलं, आणि ऑटोच्या दिशेनं निघून गेली. कदाचित भाकरी असेल. किसनरावांनी घरी येऊन भागीरथेला एवढंच सांगितलं की पोरगी वाळली आहे.

यंदाचा पोळा आला. तोरणाखाली बैल उभे राहिले. दोघातिघांच्या झडत्या झाल्या, पण रंग भरेना. मग सवयीनं चारी बाजूंनी हाका सुरू झाल्या. "किसनराव! होऊन जाऊ द्या! नोकरी गेली तं गेली, जीभ तं आहे!"

किसनराव पुढे आले. त्यांनी टोपी काढली. बायकांच्या घोळक्यात रुखमाबाई उभी होती, पदराचं टोक आतापासूनच हातात धरून. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"एक नमन गौरा पार्वती, हर बोला," ते म्हणाले.

आधीच्या चार ओळी आल्याच नव्हत्या. गाव त्यांची वाट पाहत थांबलं. त्या येत नाहीत हे कळायला वेळ लागला, आणि मग इकडून एक, तिकडून एक, तुटक तुटक 'हर हर महादेव' आलं.