विमानात न मावलेली चाकसारंगी

चाक शिसवीचं, पेटी फणसाची, पट्ट्या बांबूच्या, तारा मेंढीच्या आतड्याच्या. मूठ फिरवली की चाक तारांवर घासतं आणि सूर उमटतो. सगळं माझ्या हातचं, कुणाकडे न शिकता केलेलं. हिच्यासाठीच तुमचा सल्ला हवाय, म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर हे लावतोय, मंडळी.

मुंबईला सासरी असलेली माझी यमू लहानपणी याच सुरांवर झोपायची. आता आपल्या बाळालाही ते ऐकवा, असा तिचा हट्ट. आगबोटीत खाऱ्या हवेने चाक फुगतं, घाटातल्या मोटारीत सांधे निखळतात. आज मैदानावर विमान आलं, त्यात एक जागा होती. सारंगी मांडीवर घेऊन बसलो.

वैमानिक म्हणाला, "काका, तुमच्या गुडघ्यांमधला विमान वळवायचा दांडा माझ्या दांड्याला जोडलाय. तो अडला तर दोघेही समुद्रात! सारंगी इथेच ठेवा, तुम्ही चला."

"रिकाम्या हाताने जाऊन बाळाला काय ऐकवू?"

उतरलो. विमान ठिपका होईस्तोवर बघत राहिलो.

मंडळी, हिला सुखरूप मुंबईला कसं न्यावं, कुणाला सुचतंय?

तिथे मैदानावर शेजारी उभे असलेले एक शेटजी म्हणाले, "ही मला इथेच विका आणि खुशाल नातू बघून या." रोख दीडशे रुपये देत होते. मी नको म्हटलं.