मुक्या जावयाचं परीक्षण

ज्या सिनेमात मी रडलो नाही, त्याच्यावर मी कधी एक ओळ लिहिली नाही. समीक्षेचं माझं तत्त्वच होतं ते. धारवाडात मी शाळामास्तर होतो आणि हुबळीहून निघणाऱ्या एका मराठी साप्ताहिकात दर आठवड्याला एका बोलपटाचं परीक्षण लिहीत होतो. बोलपट येत बरेच, पण मी निवडून घेई. घोडे, चाबूक, तलवारी असले प्रकार मी बाद केले होते. (बघत असे. लिहीत नसे.) विधवा, अनाथ पोर, क्षय आणि पुरात वाहून गेलेला नवरा, यांपैकी निदान दोन गोष्टी असल्याशिवाय माझी लेखणी चालतच नसे.

आमच्या गल्लीत या परीक्षणाचा उपयोग मात्र निराळाच होई. अंक आला की अण्णा, म्हणजे माझे वडील, पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार, चष्मा लावून माझ्या सदराचं पान उघडत, वर छापलेलं सिनेमाचं नाव मोठ्यानं वाचत आणि अंक मिटून ठेवत. नाव आलं म्हणजे सिनेमा सोज्वळ, पोटभर रडण्यासारखा, बायकांना न्यायला हरकत नाही. नाव नाही म्हणजे त्यात काहीतरी भानगड आहे. गल्लीतल्या बायकांना हुबळीच्या गाडीत बसायची परवानगी त्या एका नावावर मिळे. शेजारच्या गंगाकाकू तर मला रस्त्यात अडवून विचारत, “काय मास्तर, या खेपेला रुमाल किती घेऊ?” हा माझ्या रसिकतेचा गौरव आहे, असं मी धरून चाललो होतो.

माझी धाकटी बहीण इंदू हिचं लग्न जमत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मुलाचे वडील अप्पासाहेब यांचं हुबळीत थेटर होतं, आणि मुलगा मधुकर तिथला कारभार बघे. इंदूनं मुलाला पाहिलं आणि आमच्या घरात तोवर कुठल्याच मुलीनं केलं नव्हतं ते केलं. “मला पसंत आहे,” असं तिनं तोंडानं सांगितलं. अण्णांना ते पचायला दिवस लागला, पण संध्याकाळी ते हो म्हणाले. आता साखरपुड्याचा मुहूर्त काढायचा तेवढा राहिला होता.

अशात अप्पासाहेबांनी नवा बोलपट लावला आणि पहिल्या खेळाला मला अगत्यानं बोलावलं. गोष्ट साधी होती. सासूच्या चौकशांना कंटाळून एक जावई मुका झाल्याचं सोंग घेतो. मग सासू त्याला वैद्याकडं नेते, वैद्य एरंडेल पाजतो, मांत्रिक कडुलिंबाच्या फोकांनी झोडपतो, आणि शेवटी तो म्हशीच्या कुंडात पडतो तरी बिचाऱ्याला ओरडायची सोय नाही. मी इतका हसलो की तोंडातला चहा पुढच्या गृहस्थांच्या पगडीवर गेला. दारात उभे राहून अप्पासाहेब हे सगळं बघत होते. ते मला टांग्यापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, “आता येऊ द्या फर्मास.”

घरी आल्यावर इंदूनं विचारलं, “दादा, लिहिणार ना?”

“अगं, मी हसलो.”

“मग चांगलंच की.”

“रडलो नाही ना पण. तत्त्वात बसत नाही.”

“म्हणजे माझं लग्न मोडलं की रडशील आणि मग लिहिशील?”

मी तिला समजावलं, की शिवाय हे सोयऱ्यांचं थेटर, लोक पक्षपात म्हणतील. त्या आठवड्यात मी समोरच्याच थेटरात लागलेल्या, एका आंधळ्या आईच्या बोलपटावर लिहिलं. फार सुंदर उतरलं होतं.

अण्णांनी आंधळ्या आईचं नाव वाचलं, अंक मिटला, आणि गल्ली आंधळ्या आईकडं गेली. आमच्या गल्लीचं बघून दुसऱ्या गल्ल्याही गेल्या. अप्पासाहेबांच्या थेटरात खुर्च्या रिकाम्या. त्यात भर म्हणून बाजारातले व्यापारी त्यांना विचारू लागले, “येन्री अप्पासाहेब, बीगरिगे मनसिगे बरलिल्लेन्री?” तुमच्या व्याह्यांच्याच मनास आला नाही का खेळ? हे मात्र त्यांना झोंबलं. त्यांचा निरोप आला, “आमचा पडदा ज्यांना चालत नाही, त्यांची मुलगी आम्हांला कशी चालावी? मुहूर्ताचं पुढं बघू.”

अण्णांनी मला समोर बसवलं.

“तत्त्व घाल चुलीत. लिही.”

“अण्णा, पण मला त्यात रडू आलं नाही.”

“आता येईल,” असं म्हणून ते कोपऱ्यातली काठी बघू लागले. (मी दोन मुलांचा बाप होतो, हे त्यांच्या ध्यानात नसावं.)

 इंदूनं माझ्या ताटात वाढणं बंद केलं. मी आमटी मागितली की ती भिंतीकडं बघे. ते मात्र मला खरंच लागलं. माझ्या हट्टापायी पोरीचं मन मोडत होतं आणि मी आंधळ्या आईवरून स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

मी लिहायला बसलो. कुणाचा घोटाळा होऊ नये म्हणून अगदी स्वच्छ लिहिलं. हा बोलपट विनोदी आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत हसून पोट दुखतं, सुतकी चेहऱ्याच्या माणसांनी जाऊ नये. अंक आला. अण्णांनी नाव वाचलं, अंक मिटला आणि म्हणाले, “झालं एकदाचं.” दुपारच्या गाडीनं सगळी गल्ली हुबळीला निघाली. इंदू रीतीप्रमाणं घरी राहिली; लग्नाआधी सासरच्या थेटरात कसं जायचं? मी मात्र हसणारे लोक डोळे भरून बघायला मुद्दाम गेलो.

थेटर भरलं. खेळ सुरू झाला. जावयानं मुकेपणाचं सोंग घेतलं आणि बायकांच्या बाजूनं पहिला हुंदका आला. मला वाटलं, कुणाला ठसका लागला असेल. वैद्यानं एरंडेल पाजलं तेव्हा तिकडं सगळ्यांचेच पदर डोळ्यांना लागले होते. मागं कॉलेजची चार पोरं हसली, तर गंगाकाकूंनी वळून त्यांना झापलं, “लाजा नाहीत रे? एकाचा जीव चाललाय!”

मध्यंतरात त्या शेजारणीला सांगत होत्या, “तोंडात बोल आहे आणि बोलायची सोय नाही. अगदी माझ्या सासरचे दिवस दाखवलेत हो.” शेजारीण यावर जास्तच रडली. तिची सासू त्याच रांगेत बसली होती.

अप्पासाहेबांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं. त्यांचा चेहरा पांढराफटक.

“मास्तर, लिहिलंत तरी काय तुम्ही?”

“विनोदी आहे म्हणूनच लिहिलंय हो!”

“मग ही माणसं कुणाच्या मयताला आलीत?”

 आत जावई कुंडात पडला आणि थेटरात हंबरडा फुटला. संपलं लग्न, असं मी मनाशी म्हटलं. इंदूला काय सांगायचं, हेच मला सुचेना.

खेळ सुटला. लाल डोळ्यांच्या गंगाकाकू थेट अप्पासाहेबांपुढं येऊन उभ्या राहिल्या. “फार दिवसांनी इतकं मोकळं वाटलं हो. उद्या अळणावरच्या बहिणीला घेऊन येते. तिच्या सासूला पण आणते. बघू दे तिला.”

त्या बहिणीला घेऊन आल्या. बहीण नणंदांना घेऊन आली. सासुरवाशिणी सासवांना आणू लागल्या. आंधळी आई समोर ओस पडली, आणि मुक्या जावयापुढं पाय ठेवायला जागा मिळेना. एका रविवारी अप्पासाहेब मधुकरला आणि पेढ्यांच्या पुड्याला बरोबर घेऊन स्वतः आमच्याकडं आले.

“हसणारा एकदा येतो, मास्तर,” ते म्हणाले. “रडणारा घर गोळा करून येतो. काढा मुहूर्त.”

इंदू आतल्या खोलीत होती, पण तिच्या बांगड्या वाजलेल्या सगळ्यांना ऐकू आल्या. मला अगदी भरून आलं. त्या भरात मी म्हणालो, “मुहूर्त काढूच. पण मी एवढं स्वच्छ लिहिलं होतं, विनोदी आहे म्हणून. लोक रडायच्या तयारीनं आले कसे? कुणी वाचलंच नाही की काय?”

अप्पासाहेबांनी मधुकरकडं पाहिलं. मधुकरनं अण्णांकडं. अण्णा पेढ्याचा पुडा सोडू लागले.

“मी वाचलं ना,” स्वयंपाकघराच्या दारातून आमची बायको म्हणाली. मी ताठ बसलो.

“हसून पोट दुखतं असं छापलं होतं,” ती पुढं म्हणाली. “मला काळजीच लागली. म्हटलं, यांना कुठला विनोद कळायला! काहीतरी चुकलंय. वन्संच्या लग्नाचा प्रश्न, लोक भलतंच समजून गेले तर काय घ्या. म्हणून घरोघर जाऊन मीच सांगून आले, छापलंय तिकडं लक्ष देऊ नका, रुमाल घेऊन जा.”

अप्पासाहेब आदरानं तिच्याकडं वळले.

“सूनबाई,” ते म्हणाले, “शुक्रवारी नवा खेळ लागतोय. मास्तरांना काय लिहायचं ते लिहू दे. तुम्ही तेवढ्या घरोघर जाऊन या.”