मिस्टर हॅलम यांचा खालचा सूर

चर्चमध्ये शिरताच मिस्टर हॅलम बूट बदलत. ऑर्गनच्या काही पट्ट्या पायांनी वाजवायच्या, म्हणून ते बूट वेगळे, पातळ तळव्यांचे. मग चष्म्यावरची वाफ शर्टाच्या टोकाला पुसत. सिंगापुरी पद्धतीने प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणलेली बिनसाखरेची कॉफी खिडकीच्या कडीला टांगत. ऑर्गनच्या लाकडावर हात ठेवून "आज कसं वाटतंय?" असं विचारत, आजाऱ्याला विचारावं तसं. आणि नवं काही रचताना खालचे सूर आधी लिहीत, थेट शेवटापर्यंत. वरची चाल नंतर. "आधी जमीन," ते म्हणत, "मग झाडं."

उल्का साहित्यात एम.ए. होऊन सिंगापूरला आली आणि तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत लागली. २००५ मधल्या एका दमट दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ती जवळच्या चर्चमध्ये टेकली. वर ऑर्गन चालू होता. एक खालचा सूर थांबतच नव्हता. त्याच्यावरून चाल येत होती, जात होती, ढगांच्या सावल्यांसारखी.

वाजवणं संपलं. सत्तरीचा एक उंच, वाकलेला इंग्रज जिना उतरून आला.

"तुम्ही तो सूर धरून ठेवला होता, तो फार आवडला," उल्का म्हणाली.

"मी कुठला धरतोय! दमट हवेत आतली झडप अडकते आणि त्या सुराचा नळा हवा भरून गातच बसतो. तीस वर्षं शिव्या देतोय त्याला."

"आमच्याकडे त्यासाठी मुद्दाम एक माणूस तंबोरा घेऊन बसतो."

"पूर्ण मैफलभर? पैसे मिळतात त्याला?"

"चहा तरी मिळतो."

ते इतके हसले, की चष्मा पुन्हा पुसावा लागला.

दोन वर्षांसाठी म्हणून ते यॉर्कशरहून आले होते, १९६७ साली. इथल्याच गायकवृंदातल्या एडिथशी लग्न झालं आणि परत जाणं राहून गेलं. एडिथ गेली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी एक सांजप्रार्थना रचायला घेतली. ती सात वर्षं अडली होती. उल्का भेटली त्या आठवड्यात त्यांनी ती पुन्हा काढली आणि त्या हट्टी सुराभोवती नव्याने बांधू लागले.

२००७ मध्ये चर्चने ऑर्गन दुरुस्त करून घेतला. सूर मुकाट झाला.

"वाद्य बरं झालं," मिस्टर हॅलम म्हणाले, "आणि माझी रचना आजारी पडली."

"मी धरते तो सूर. लहानपणी पेटी शिकलेय. एक पट्टी दाबून ठेवणं जमेल मला."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

एडिथच्या स्मृतिदिनी, नोव्हेंबरात, वाजवायचं ठरलं. दर शनिवारी उल्का बाकाच्या डाव्या टोकाला बसे, एक बोट पट्टीवर. पट्टीखालची थरथर कोपरापर्यंत येई. रंगीत काचांतला उजेड जमिनीवरून सरकत राही. मिस्टर हॅलम वाजवता वाजवता थांबत. "इथून पुढे अजून नाही," म्हणत.

ऑक्टोबरात, पाया लेबार स्टेशनच्या फलाटावर, तिला चर्चमधून फोन आला. मिस्टर हॅलम झोपेतच गेले होते. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. ती चढली नाही.

शनिवारी ती चर्चमध्ये गेली. त्यांचे ऑर्गनचे बूट पिशवीत होते. सांजप्रार्थनेची वही ऑर्गनवर उघडी होती. तिने शेवटचं पान काढलं. तळाच्या ओळीत तिचा सूर होता, बारीक कमानींनी जोडत, रचना संपते त्या शेवटच्या दुहेरी रेघेपर्यंत नेलेला. शेजारी पेन्सिलीने तिचं नाव.

तिने पट्टी दाबली आणि धरून ठेवली. वरच्या ओळी कोऱ्या होत्या.